वर्दी घालू की सूट

ग्लेन ऑर्मरॉडनं आयुष्यात जवळजवळ सगळं धाकट्या भावाबरोबर वाटून घेतलं होतं. एक खोली, एक सायकल, आंघोळीचं पाणीसुद्धा. कुरकुर केली नाही असं नाही. भरपूर केली, पण वाटून घेतलं. एकच गोष्ट त्याला कुणाशी वाटून घ्यायची नव्हती. थॉर्नशॉमधल्या त्यांच्या गल्लीत, किंबहुना ऑर्मरॉडांच्या सगळ्या खानदानात, सैनिक एकच होता आणि तो ग्लेन होता.

आता सैनिक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कुणी चिखलातून सरपटणारा गडी आला असेल, तर तो पुसून टाका. ग्लेन कोठारात होता. नवी पोरं भरती झाली की हा लाकडी फळीमागे उभा राहायचा, समोरच्याच्या पायांकडे एक नजर टाकायचा आणि म्हणायचा, "नऊ नंबर, रुंद." अठरा वर्षांत त्याचा अंदाज क्वचितच चुकला. दोनदा परदेशी वाळवंटात जाऊन आला, तिथेही त्यानं बूटच वाटले. फरक इतकाच की तिथे मधूनमधून छावणीवर रॉकेट पडायचं आणि मग बूट टाकून फळीखाली घुसावं लागायचं. त्याबद्दल छातीवर दोन पदकं होती. बाहीवर मात्र हुद्द्याची फीत एकच. दुसरी फीत मिळण्यासाठी तीनदा त्याचं नाव पुढे गेलं आणि तीनदा परत आलं. ग्लेन ते कुणाला सांगत नसे. आई सांगत असे, चिकनचं दुकान, न्हाव्याचं दुकान आणि चर्चची पायरी अशा तिन्ही ठिकाणी.

डेल चार वर्षांनी लहान. लहानपणी ग्लेनच्या मागे मागे शेपटासारखा. घरामागच्या फरसबंद अंगणात, कचऱ्याच्या डब्याला साहेब मानून, ग्लेननं त्याला सलाम शिकवला होता. "हात लांबच्या वाटेनं वर, जवळच्या वाटेनं खाली," असं दिवसभर ओरडून ओरडून. डेल तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि दर दहा सलामांनंतर छातीतून शिटी वाजायची. दमा. पुढे अठराव्या वर्षी डेलनंही सैन्यासाठी अर्ज केला आणि डॉक्टरांनी त्या शिटीपायी त्याला घरी पाठवलं. पोरगा जिन्यावर बसून ढसाढसा रडला. ग्लेन तेव्हा नेमका रजेवर आलेला. त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला, जे बोलायचं ते सगळं बोलला, आणि मग वर खोलीत जाऊन दार लावून घेतल्यावर त्याला जे वाटलं त्याची त्याला आजही लाज वाटते. त्याला हायसं वाटलं होतं.

पण डेल ऑर्मरॉड हा गप्प बसणारा प्राणी नव्हे. दिवसा तो गालिच्यांच्या दुकानात नोकरी करायचा, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन जिना मोजून यायचा. आणि मंगळवारी, गुरुवारी संध्याकाळी अग्निशमन केंद्रामागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये गावातल्या कॅडेट पोरापोरींना कवायत शिकवायचा. कॅडेटांचे शिक्षक सैन्यासारखेच कपडे घालतात. तीच हिरवी-तपकिरी ठिपक्यांची वर्दी, तेच बूट. पाहता पाहता डेलच्या छातीवर सार्जंटच्या तीन फिती आल्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी का होईना, तीन. ग्लेनला ते पाहून जो पोटशूळ उठला तो कायमचा. "फळीमागे उभं राहून असल्यांना मीच बूट देतो," असं तो म्हणायचा. ते खोटं होतं, कॅडेटांचे बूट दुसरीकडून येतात.

त्या वसंतात त्यांच्या बहिणीची, लॉर्नाची, बारा वर्षांची टेगन कॅडेटमध्ये दाखल झाली. कुठल्या तुकडीत, ते सांगायला नकोच.

दाखल झाल्यावर काही आठवडे पोरांना नुसती कवायत आणि मग एके दिवशी शपथ. थॉर्नशॉच्या तुकडीत एक जुनी रीत आहे. शपथ झाली की नव्या कॅडेटच्या डोक्यावर बेरे, म्हणजे ती लोकरीची चपटी टोपी, घरचं माणूस चढवतं. एकच माणूस. बहुतेकांची आई येते, कुणाचे आजोबा. टेगननं ग्लेनला फोन केला.

"मामा, तू येशील? माझी बेरे घालायला?"

"मी?" ग्लेन कोठारात बुटांच्या दोन रांगांमध्ये उभा होता. "डेलमामा नाही घालणार?"

"तो कसा घालेल? तो तिथे शिकवतो ना. तू खरा सैनिक आहेस."

या शेवटच्या चार शब्दांवर ग्लेननं दहा दिवसांची रजा टाकली.

सोमवारी तो थॉर्नशॉला पोचला तर लॉर्नाच्या स्वयंपाकघरात टेबलावर नवी बेरे पडलेली. नवी बेरे म्हणजे काय असते ते ज्यानं घातली त्यालाच माहीत; डोक्यावर ठेवली की भाकरी ठेवल्यासारखी चहूबाजूंनी लोंबते. तिला वळण लावावं लागतं. ग्लेननं बाह्या सरसावल्या. आधी वस्तऱ्यानं लोकरीची लव तासली, मग टोपी कढत पाण्यात बुचकळली, मग गार पाण्यात, पुन्हा कढत. पिळून टेगनच्या डोक्यावर चढवली आणि उजवीकडे ओढ ओढ ओढली. पोरीच्या मानेवरून पाण्याचे ओघळ चालले होते.

"आता वाळेपर्यंत काढायची नाही."

"म्हणजे किती वेळ?"

"दोन तास. मान हलवू नकोस."

"डेलमामा म्हणतो रात्रभर लाटण्यावर ठेवली तरी चालते."

"डेलमामाला काय कळतंय? त्याच्या स्वतःच्या बेरेकडे बघितलंयस का? कबूतर बसल्यागत दिसते."

टेगन हसली आणि ग्लेनला बरं वाटलं. पण पोरगी दर दोन वाक्यांनी त्या माणसाचं नाव काढत होती. डेलमामा म्हणतो पॉलिश थुंकी लावून करायचं. डेलमामा म्हणतो कॅडेटनं खिशात हात घालायचे नाहीत. ग्लेन भांडी विसळता विसळता ऐकत होता आणि दर वेळी नळ थोडा जास्त सोडत होता.

"बघ, मी सलाम करून दाखवते," टेगन म्हणाली आणि तिनं ताडकन हात वर नेला. डावा.

"उजवा, उजवा!" लॉर्ना ओरडली. ती एका वृद्धाश्रमात कामाला होती आणि तिकडच्या सवयीनं घरातही ओरडूनच बोलायची. "डावखुरी आहे ना. आयत्या वेळी तिला उजवा कुठला तेच कळत नाही."

"कळतं," टेगन म्हणाली. "फक्त लोक बघत असले की नाही कळत." मग तिनं डोळे मिटले, दोन्ही हात चाचपले आणि उजवा हात बाहेरून मोठा फेर घेत कपाळाशी नेला, तळवा पुढे. "हात लांबच्या वाटेनं वर, जवळच्या वाटेनं खाली. हे डेलमामानं शिकवलं."

ग्लेनचा बशी विसळणारा हात थांबला. सांगावं का? सांगावं की ते वाक्य या खानदानात कुणी आणलं, कचऱ्याच्या डब्यासमोर कोण कुणावर ओरडत होतं? पण बारा वर्षांच्या पोरीपुढे असला हक्क सांगणं त्याला हलकं वाटलं. तो नुसता म्हणाला, "कोपर थोडं वर." आणि मनात म्हणाला, गुरुवारी बघतोच.

कारण तोवर त्याचं ठरलं होतं. तो वर्दीत जाणार होता. रोजची ठिपक्यांची नव्हे, ती तर डेलकडेही होती. खास समारंभाची खाकी, पितळी बटणांची, डोक्याला पुढे झाप असलेली कडक टोपी आणि छातीवर दोन पदकं. पदकं डेलकडे कुठून येणार? एकदा त्या हॉलमध्ये दोघं शेजारी शेजारी उभे राहिले की टेगनला, लॉर्नाला, आईला आणि पत्र्याच्या त्या डबड्यातल्या समस्त प्रजेला खरं काय नि खोटं काय ते एका नजरेत कळणार होतं. बोलायची गरजच नव्हती.

पण ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. आमच्याकडे सैनिक सुट्टीवर असताना उगाच वर्दीत फिरत नाहीत. कुणी फिरला तर लोक फुकट बिअर पाजत नाहीत, उलट आपसात डोळे मिचकावतात. ग्लेननं कोठारातल्या मित्रांना फोनवरच्या गटात विचारलं, भाचीच्या कॅडेटच्या शपथेला जाताना वर्दी घालावी का? पाच मिनिटांत अकरा उत्तरं आली. "रणगाडा पण घेऊन जा." "भाची बारा वर्षांची आहे की तू?" "चेहऱ्याला काळं फासून झुडपातून बाहेर ये, पोरं खूश होतील." ग्लेननं फोन उलटा ठेवला. रीतसर परवानगी मात्र हवी होती, म्हणून त्यानं आपल्या सार्जंट मेजरला, प्रिचर्डला, फोन लावला.

"वर्दी? कशाला? लग्न आहे का?"

"नाही सर. भाचीची शपथ आहे. कॅडेटची."

"मग कोट-पँट घाल ना. तू तिथे कामावर नाहीस, पाहुणा आहेस."

"पोरीची इच्छा आहे, सर."

हे अर्धं खरं होतं. पोरीनं ये म्हटलं होतं, वर्दीत ये म्हटलं नव्हतं.

प्रिचर्डनं मोठा श्वास सोडला. "जा बाबा. वर्दीत पिऊ नकोस, भांडू नकोस. आणि वर्दी घातलीस की नियम आले अंगावर, लक्षात ठेव. समोर अधिकारी आला की सलाम. कॅडेटचा असला तरी त्याच्याकडे राणीचं नेमणूकपत्र असतं. मग तो दिवसा खाटीक का असेना."

"तिथे एकच अधिकारी आहे सर. अ‍ॅस्पिनॉलबाई. दातांच्या दवाखान्यात असतात."

"मग त्यांना सलाम ठोक."

अ‍ॅस्पिनॉलबाईंना सलाम करायला ग्लेनची काहीच हरकत नव्हती. बाई त्याला शाळेपासून ओळखत होत्या.

हरकत निघाली ती घरातून. बुधवारी आईकडे जेवायला गेला तर आईनं, शीलानं, मांसाचं सारण भरून भाजलेली पाई आणि वाटाणे वाढले आणि त्याच्यासमोर बसून म्हणाली, "उद्या तुझा तो निळा सूट घाल. छान दिसतोस त्यात."

"मी वर्दी घालतोय."

"नको."

"का नको?"

"पावसाची चिन्हं आहेत."

"आई, वर्दी पावसात विरघळत नाही."

"मी सांगते ना, सूट घाल. साधंसुधं जा. पोरीचा दिवस आहे तो." आई वाटाणे चमच्यानं उगाच इकडून तिकडे करत होती. "सगळंच कशाला दाखवायला हवं लोकांना?"

ग्लेनच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हे असं आहे तर. लाडका धाकटा झाकोळला जाऊ नये म्हणून थोरल्यानं अंग चोरायचं. दम्याचा पोर म्हणून गरम दूध त्याला, खिडकीजवळची खाट त्याला, आणि आता अठरा वर्षांची नोकरीही त्याच्यापायी कपाटात टांगायची. आईनं कधी त्याची पदकं दिवाणखान्यात लावली होती का? डेलचा तीन फितींचा फोटो मात्र थेट टीव्हीवर. ग्लेननं पाई अर्धीच टाकली आणि उठला.

"तुला वाटतं मी त्याचं नाक कापायला चाललोय."

"मला असलं काही वाटत नाही," आई म्हणाली. "बस. ग्रेव्ही गार होतेय."

कमाल म्हणजे संध्याकाळी खुद्द डेलचाही फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, गालिच्यांच्या धंद्याची चौकशी झाली आणि मग तो अडखळत म्हणाला, "ग्लेन, उद्या... साध्या कपड्यांत आलास तरी चालेल हं. म्हणजे उगाच त्रास नको तुला. आणि मला एक सांगायचं होतं—"

"सांगायचं ते उद्या सांग," ग्लेन म्हणाला आणि फोन ठेवला. घाबरला, त्याला वाटलं. पदकांना घाबरला. मग रात्रीच्या बातम्या लागेपर्यंत बसून त्यानं बटणं अशी घासली की त्यात दाढी करावी.

गुरुवारी संध्याकाळी सातला पाच कमी असताना ग्लेन हॉलच्या दारात उभा राहिला. पाऊस नव्हता. आत पत्र्याखाली गॅसचे हीटर फुसफुसत होते, चहाचं मोठं पिंप उकळत होतं, भिंतीशी आईबापांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आई आणि लॉर्ना आधीच येऊन बसल्या होत्या. आईनं दारात पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. खरं तर आत आल्यावर डोक्यावरची टोपी काढायची, पण ग्लेननं ती काढली नाही. दारात क्षणभर उभं राहावं, उजेडात पदकं चमकावीत, तोवर टोपी असू द्यावी, असा त्याचा हिशेब.

परिणाम झाला, नाही असं नाही. दाराजवळचा एक बुटका कॅडेट त्याला पाहून काठीसारखा ताठ झाला आणि ओरडला, "गुड इव्हनिंग, सर!"

"सर नाही रे," मागून एक पोरगा म्हणाला, "लान्स कॉर्पोरल आहेत ते. एक फीत दिसत नाही का?" त्या पोराचं वय सोळा, चेहऱ्यावर मुरमं, आणि कॅडेटच्या का होईना, छातीवर फिती दोन. ग्लेननं त्याच्या फितींकडे पाहिलं. पोरानं सौजन्यानं दुसरीकडे पाहिलं.

"अ‍ॅस्पिनॉलबाई कुठे आहेत?" ग्लेननं विचारलं.

"बाई सोडून गेल्या, कॉर्पोरल. तीन आठवडे झाले. आता साहेब आहेत."

तेवढ्यात हॉलच्या टोकाचं कचेरीचं दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. वर्दीला कडक इस्त्री, डोक्यावर बेरे, आणि ती मुळीच कबूतर बसल्यागत नव्हती. छातीवर तीन फिती नव्हत्या. त्यांच्या जागी अधिकाऱ्याचा एकच एक छोटा तारा होता. ऑर्मरॉडांचा डेल. सेकंड लेफ्टनंट डेल ऑर्मरॉड.

ग्लेनला सगळं एका झटक्यात कळलं. सूट, पाऊस, ग्रेव्ही, फोनवरचं अडखळणं. सगळ्या गावाला माहीत होतं, एक त्याला सोडून. आई डेलला वाचवत नव्हती, त्याला वाचवत होती. आणि त्यानं स्वतःच्या हातानं बटणं घासघासून स्वतःला इथे आणून उभं केलं होतं.

डेल हॉलमधून त्याच्याकडे येत होता. दहा पावलं. आठ. सूट असता तर ग्लेननं भावाच्या पाठीत थाप मारली असती, "काय रे, लपवून ठेवलंस!" म्हटलं असतं आणि हसून वेळ मारून नेली असती. पण अंगात वर्दी, डोक्यावर टोपी, समोर अधिकारी. सगळ्या कॅडेटांचे डोळे या दोघांवर, कारण पोरांना गेले सहा आठवडे हाच धडा चालला होता. ज्या भावाचं नाक तो लहानपणी पुसायचा त्याला, गालिचे मोजणाऱ्याला, अठरा वर्षांची नोकरी झालेल्यानं सलाम ठोकायचा. पाच पावलं. तीन.

ग्लेननं टोपी काढली.

आमच्या सैन्यात डोक्यावर टोपी नसेल तर हातानं सलाम करत नाहीत, नुसतं ताठ उभं राहतात. ग्लेननं टोपी काढून बगलेत धरली, दुसऱ्या हातानं कपाळाचा नसलेला घाम पुसला आणि म्हणाला, "फार उकडतंय इथे."

कुणाला काही कळलं नाही. ज्याला कळायचं त्याला बरोबर कळलं. डेलचे कान लाल झाले.

"मी काल सांगणार होतो तुला," तो हळूच म्हणाला.

"सांगायचंस मग."

"तू फोन ठेवलास."

"अभिनंदन," ग्लेन म्हणाला. इतक्या कोरड्या आवाजात की जवळच्या हीटरला ठसका लागावा.

शपथ सुरू झाली. चार नवी पोरं होती, टेगन शेवटची. पहिल्याची बेरे आईनं चढवली आणि ती रडली. दुसऱ्याच्या आजोबांनी उलटी चढवली. प्रत्येक नवा कॅडेट बेरे चढली की एक पाऊल पुढे टाकून साहेबांना पहिला सलाम करायचा, साहेब सलाम परत करायचे, टाळ्या. ग्लेन टोपी बगलेत घट्ट धरून उभा होता आणि मनात गणित मांडत होता. टोपी घालायची नाही. बेरे चढवायची, ताठ राहायचं, मागे यायचं. कुणाच्या बापाला बोलता येणार नव्हतं. पाहुणा होता तो. आणि त्या ताऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही तो सारखा बघत होता. प्रिचर्ड तीनदा म्हणाला होता, पुढच्या वर्षी बघू, ग्लेन. इथे एका गालिचेवाल्याच्या छातीवर तारा येऊन बसला होता, आणि तो त्याला शोभत होता. हे शेवटचं सर्वांत जास्त झोंबलं.

टेगननं शपथ खणखणीत म्हटली. ग्लेन पुढे आला, त्यानं बेरे चढवली, उजवीकडे ओढली, बिल्ला बरोबर डाव्या डोळ्यावर आणला. टोपी अशी बसली होती की सगळ्या हॉलमध्ये तशी एकही नव्हती. तो टेगनच्या डाव्या बाजूला सरकून उभा राहिला. टेगननं एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबली.

डावा हात पट्ट्यापर्यंत आला आणि थबकला. खाली गेला. उजवा हलला, तोही थबकला. मग दोन्ही हात मांड्यांशी घट्ट. चेहरा पांढराफटक. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. खुर्चीत लॉर्ना अर्धवट उठली.

"उजवा, पोरी," ग्लेन ओठ न हलवता पुटपुटला. पण उजवा कुठला हेच जिला सुचत नाही तिला उजवा म्हणून काय उपयोग?

समोर डेल ताठ उभा होता. त्याच्या डोळ्यांत नुसती कासाविशी. त्याला तिला मदत करता येत नव्हती, कारण अधिकारी आधी सलाम करत नाही. समोरून आला की परत करतो. तो पोरीकडे बघत होता, आणि मग त्यानं ग्लेनकडे बघितलं. हुकूम नव्हता त्या बघण्यात. जिन्यावर बसून रडला होता तेव्हा असाच बघत होता.

टेगननंही मान न वळवता नुसते डोळे ग्लेनकडे फिरवले. तू खरा सैनिक आहेस.

ग्लेननं टोपी डोक्यावर घातली. झाप भुवयांवर, दोन बोटांनी सरळ केली. मग त्यानं एक पाऊल पुढे टाकून भाचीच्या बरोबरीला टाच आपटली, असा आवाज आला की पत्रा वाजला, आणि हात बाहेर काढला, लांबच्या वाटेनं, सावकाश, एखाद्या मुलाला दाखवावा तसा, तळवा पुढे, कपाळाशी. आणि तिथेच धरून ठेवला. शेजारी एक छोटा उजवा हात तसाच वर गेला. जरा वाकडा, पण उजवा.

डेलनं सलाम परत केला. नियमानं घ्यायला हवा त्यापेक्षा जास्त वेळ त्याचा हात कपाळाशी राहिला. मग तिन्ही हात खाली आले, जवळच्या वाटेनं. टाळ्या वाजल्या.

नंतर चहा झाला, आल्याच्या केकचे चौकोन झाले. ग्लेन भिंतीशी उभा होता. आई जवळ आली आणि त्याच्या बाहीवरचं न दिसणारं सूत काढत म्हणाली, "म्हणून म्हणत होते सूट घाल."

"सांगायचं होतंस सरळ."

"सांगितलं असतं तर आला असतास?"

आईनं उत्तराची वाट पाहिली नाही. ती म्हणाली, "टीव्हीवर तुझा फोटो का नाही म्हणून धुसफुसत असतोस ना? पाठव मग एखादा. अठरा वर्षांत एक पाठवला नाहीस."

तेवढ्यात टेगन गर्दीतून धावत आली, बेरे जागच्या जागी, गाल लाल. मागोमाग चहाची केटली घेऊन डेल येत होता. साहेब झाला तरी चहा वाटायचं त्याचं काम सुटलं नव्हतं.

"मामा!" टेगन ग्लेनच्या हाताला लोंबकळली. "काय भारी सलाम केलास! अगदी डेलमामा शिकवतो तस्सा!"

डेल केटलीसकट जागच्या जागी थांबला. "अगं," तो म्हणाला, "तो सलाम मला मुळात—"

"चांगला शिकवतो तो," ग्लेन म्हणाला.

हे तीन शब्द तोंडातून बाहेर काढायला त्याला जितकं जड गेलं तितकं वाळवंटात फळीखालून बाहेर यायलाही गेलं नव्हतं. तारा अजून तिथेच होता आणि अजून शोभत होता. टेगननं समाधानानं मान हलवली, तिला यात नवल काहीच वाटलं नाही, आणि ती केकच्या टेबलाकडे पळाली.

दोघं भाऊ उरले. डेलला काहीतरी बोलायचं होतं आणि छातीतून बारीक शिटी येत होती. ती शिटी ग्लेननं कित्येक वर्षांनी ऐकली. त्यानं टेबलावरचा एक कप उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

"दोन चमचे साखर," तो म्हणाला. आणि मग, "सर."